प्रमाणपत्र हे कशाचं प्रमाण?

आजचा विषय वरवर रुक्ष आहे. सरकारी खात्यांना संगणकसेवा पुरवणाऱ्या कंपन्यांकडे माहिती-सुरक्षेचं प्रमाणपत्र मागितलं जातं. ते दाखवलं की नेमकं काय सिद्ध होतं, एवढाच आपला प्रश्न आहे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका खात्यानं शिष्यवृत्तीच्या अर्जांचं काम एका कंपनीकडे दिलं. विद्यार्थिनी अर्जासोबत काय देते? जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार क्रमांक, बँक खातं. निविदेत अट होती आयएसओ २७००१ ची. कंपनीनं प्रमाणपत्र जोडलं, रकान्यात बरोबरची खूण झाली, विषय संपला.

खरं म्हणजे विषय इथं सुरू होतो. हे मानक एखाद्या सॉफ्टवेअरला 'सुरक्षित' असा शिक्का देत नाही. ते काम करण्याची पद्धत तपासतं. धोके ओळखले आहेत का? उपाय ठरवले आहेत का? ते पाळले जातात का? चूक सापडली तर दुरुस्ती होते का? २०२२ च्या आवृत्तीत ९३ नियंत्रणं आहेत. संस्थात्मक, माणसांविषयीची, भौतिक आणि तांत्रिक अशा चार गटांत. यातली कोणती आपल्याला लागू, कोणती नाहीत आणि का, हे संस्थेला लेखी द्यावं लागतं.

आता आपल्या न्यायदर्शनाकडे वळू. तिथं चार प्रमाणं मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. निविदा उघडणाऱ्या अधिकाऱ्यानं कंपनीची सर्व्हरची खोली पाहिलेली नसते. तो दुसऱ्याच्या शब्दावर विसंबतो. म्हणजे प्रमाणपत्र हे शब्दप्रमाण झालं. आणि शब्द प्रमाण कधी ठरतो? बोलणारा आप्त असेल तेव्हा. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. विषय जाणणारा आणि जसं आहे तसं सांगणारा.

म्हणून प्रमाणपत्र हाती आलं की तीन प्रश्न विचारायचे. पहिला, शब्द कोणाचा? तपासणीची फी कंपनीच भरते. त्यामुळे तपासणाऱ्या संस्थेवरही कोणाची देखरेख हवी. आपल्याकडे भारतीय गुणवत्ता परिषदेचं एनएबीसीबी हे मंडळ अशा संस्थांना मान्यता देतं. दुसरा, शब्द कशाबद्दल? प्रमाणपत्रावर व्याप्ती लिहिलेली असते. आपल्या उदाहरणात समजा तिथं फक्त 'मुख्य कार्यालय, सॉफ्टवेअर निर्मिती' असं आहे, आणि अर्ज भरून घेणारी तालुक्याची केंद्रं उपकंत्राटदाराकडे आहेत. मग दाखले पेनड्राइव्हवर जातात ती जागा त्या कागदाच्या बाहेरच राहिली! तिसरा, कधीपर्यंत? मुदत साधारण तीन वर्षांची, आणि मध्ये दरवर्षी देखरेख-तपासणी. ती झाली का, हे विचारायला हवं.

बरं, तिन्ही उत्तरं चोख मिळाली असं धरू. तरी एक गोष्ट उरते. सुरक्षा आणि वैयक्तिक माहितीचं संरक्षण या दोन गोष्टी एक नाहीत. तिजोरी भक्कम आहे, पण आतली वस्तू ठेवण्याचा अधिकारच नसेल तर? शिष्यवृत्तीसाठी घेतलेले फोन नंबर कंपनीनं जाहिरातीसाठी वापरले, तर कुलूप कुठंच तुटलेलं नाही. तरीही मुलीवर अन्याय झालाच.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं २४ ऑगस्ट २०१७ रोजी, पुट्टस्वामी खटल्यात, खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यास त्यांनी अठरा महिन्यांची मुदत दिली. या कायद्यातली एक गोष्ट आपण लक्षात ठेवू. माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे जो ठरवतो, जबाबदारी त्याची. काम दुसऱ्याकडून करून घेतलं, करारात काहीही लिहिलं, तरी ती सुटत नाही. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणजे काम ठेक्यानं देता येतं, उत्तरदायित्व देता येत नाही.

हे सरकारी कामात अधिक जड का? दुकानदार आवडला नाही तर आपण दुसऱ्या दुकानात जातो. त्या मुलीला दुसरं शिष्यवृत्ती खातं नाही. कंपनी तिनं निवडलेली नाही, तिचं नावही तिला ठाऊक नसतं. जिथं नकार देण्याची सोयच नाही, तिथं तिच्या वतीनं शंका घेणं हे खात्याचं कर्तव्य होतं. तेव्हा प्रमाणपत्र जरूर मागावं. पण त्यानं चौकशीला सुरुवात व्हावी, शेवट नव्हे.

इथं थांबू. आता आपले प्रश्न घेऊ या.