शरीराचाही हक्क आहे

साकोलीतून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाच्या कडेने पहाटे मुले धावताना दिसतात. पूर्व विदर्भातील बहुतेक तालुक्यांच्या गावी हेच दृश्य असते. तयारी पोलीस भरतीची. मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर धावावे लागते. ५ मिनिटे १० सेकंदांच्या आत पोहोचला तर पूर्ण २० गुण, वेळ वाढला की गुण घटले. मुलींना ८०० मीटर. अशा घरात रमजानचा चांद दिसला की आनंदासोबत एक धास्तीही येते. महिनाभर सराव मोडला तर वर्षाची मेहनत वाया जाईल काय?

मग कुणी बूट कोपऱ्यात टाकतो, ते ईदनंतरच काढतो. कुणी सहेरीआधी उठून रोजच्याइतकेच अंतर कापायचा हट्ट धरतो आणि पुढे दिवसभर पाण्याविना काढतो. यातला हट्ट अधिक महागात पडतो.

धावण्याने स्नायू थकतात, त्यांना बारीक इजा होते. ते भरून येतात आणि बळकट होतात ते विश्रांतीत, त्यातही गाढ झोपेत. रमजानमध्ये नेमकी झोपच तुटते. तरावीह आटोपून अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत उशीर होतो, तोच सहेरीची हाक येते. अशा शरीराला रोज डांबरी रस्त्यावर दामटले तर आधी नडगी दुखू लागते. दुखणे अंगावर काढले तर हाडाला बारीक तडा जाऊ शकतो. मग सुटी घ्यावीच लागते, तीही कित्येक आठवड्यांची.

सराव अगदीच बंद केला तर दोन-तीन आठवड्यांत दम कमी झाल्याचे जाणवते, हे खरे. पण सराव कमी करणे आणि बंद करणे यात फार अंतर आहे. अमेरिकेतील संशोधक रॉबर्ट हिक्सन यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आठवड्यातून सहा दिवस कसून व्यायाम करणाऱ्यांना दोन दिवसांवर आणले, जोर मात्र तोच ठेवला. १५ आठवड्यांनंतरही त्यांचा दम जवळपास टिकून होता. रमजान तर २९-३० दिवसांचा. आठवड्यातून दोनदा, इफ्तारनंतर पोटाला पुरेसा वेळ देऊन थोडे पण वेगात धावावे. इतर दिवशी अस्रनंतर पायी फिरणे पुरे. घरच्या वडीलधाऱ्यांनीही याला आळस म्हणू नये.

इस्लामी परंपरेत ही गोष्ट नवी नाही. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांचे तरुण सहाबी अब्दुल्लाह बिन अम्र रोज रोजा ठेवत, रात्रभर नमाजात उभे राहत. प्रेषितांनी त्यांना बोलावून समजावले की रोजाही ठेव आणि सोडही, नमाजही पढ आणि झोपही. तुझ्या शरीराचा, डोळ्यांचा, पत्नीचा तुझ्यावर हक्क आहे. महिन्यातून तीन रोजे पुरेत, असे सुचवले. अब्दुल्लाह म्हणत राहिले, माझ्यात याहून ताकद आहे. शेवटी हजरत दाऊद (अ.) यांच्यासारखा एक दिवसाआड रोजा, याच्यापुढे नाही, असे ठरले. म्हातारपणी शरीर थकल्यावर अब्दुल्लाह यांना वाटे, ती सवलत तेव्हाच घेतली असती तर बरे झाले असते. हे नफिल रोजांबद्दल होते, रमजानच्या फर्ज रोजांबद्दल नव्हे. पण 'माझ्यात ताकद आहे' हे वाक्य कोणत्या मैदानावर ऐकू येत नाही?

फर्ज रोजांतही आजारी आणि प्रवासी यांना कुरआनने सूट दिली आहे. सुटलेले रोजे नंतर पुरे करायचे. ब्रिटनचा धावपटू मो फराह याने २०१२च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये १०,००० आणि ५,००० मीटरची सुवर्णपदके जिंकली, तेव्हा रमजान सुरू होता. त्याने त्या काळात रोजे ठेवले नव्हते. ते नंतर ठेवणार असल्याचे सांगितले होते. साकोलीच्या मुलाची मैदानी चाचणी रोजाच्या दिवशी आली तर काय करावे, हा मसला मात्र त्याने मित्रांना नव्हे, आलिमांना विचारावा, आणि तोही तारीख लागताच.

ईदनंतरचा पहिला आठवडा निम्म्या अंतराचा ठेवावा. शीरखुर्मा पोटात आणि डोक्यात जुना वेग, अशा अवस्थेत पाय मुरगळायला वेळ लागत नाही. शव्वालचे सहा रोजे ठेवायचे असतील तर ते सलगच ठेवले पाहिजेत असे नाही. महिनाभरात विखरून ठेवता येतात. धावण्याच्या सुटीचे दिवस त्यासाठी मोकळेच असतात.