तहानलेल्या शहरात बुडणारी वेल

लातुरात बारावीच्या नाहीतर ‘नीट’च्या अभ्यासाला आलेल्या पोरांच्या खोल्या सगळ्या सारख्याच दिसतात. भिंतीवर वेळापत्रक, कॉटखाली पुस्तकांच्या चळती आणि खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलेली बाटली. बाटलीतून मनी प्लांट लोंबत असतो. नांदेडला हाच मनी प्लांट दवाखान्याच्या काउंटरवर भेटतो, फ्लॅटच्या जिन्यात भेटतो, वास्तुशास्त्राच्या हिशेबानं हॉलच्या आग्नेय कोपऱ्यातही भेटतो. तो विकत आणला तर लाभत नाही, गुपचूप तोडूनच आणावा लागतो, ही समजूत मराठवाड्यातही पक्की आहे. आणलेल्यांपैकी किती जणांकडे पैसा आला, याची नोंद कुणी ठेवलेली नाही.

या वेलीचं मूळ गाव ताहितीशेजारचं मोओरेआ हे प्रशांत महासागरातलं बेट. तिथे बारा महिने दमट हवा असते आणि मोठ्या झाडांखालची सावली. १८८० साली वनस्पतिशास्त्रात तिची पहिली नोंद झाली, पण तिचं नाव पुढची ऐंशी वर्षं बदलत राहिलं, कारण ती फुलतच नाही म्हटलं तरी चालेल आणि फुलाशिवाय कूळ ठरवणं अवघड. १९६४ साली ‘एपिप्रेम्नम ऑरियम’ हे आजचं नाव मिळालं. फुलं का येत नाहीत, हे २०१६ साली उलगडलं. फुलण्यासाठी लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक या वेलीत पुरेसं तयारच होत नाही. कूळ मात्र आपल्या ओळखीचं, अळू-सुरणाचं. अळूनं घसा खाजतो तो कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे, आणि तेच स्फटिक हिच्याही पानांत असतात. म्हणून रांगतं मूल किंवा मांजर घरात असेल, तर कुंडी हाताला लागणार नाही अशी उंचावर ठेवलेली बरी.

अशी बेटावरची वेल मे महिन्यात चाळीस अंशांपलीकडे जाणाऱ्या गावांत कशी टिकते? सावलीत ठेवली तर टिकते. उन्हाळा तिला फारसा मारत नाही. तिला मारतं पाणी.

हे लातूरबद्दल लिहिताना चमत्कारिक वाटतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये याच शहराला मिरजेहून, सुमारे ३४० किलोमीटरवरून, रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. ‘जलदूत’ नावाच्या या गाडीच्या पहिल्या खेपेत पाच लाख लिटर पाणी आलं. त्या शहरातल्या कुंड्यांत आज वेली बुडून मरतात. दोष मातीचाही आहे. आपली काळी माती कापसाला, सोयाबीनला सोनं, पण कुंडीत ती ओली झाली की फुगते, चिकट गोळा होते आणि मुळांना हवा मिळेनाशी होते. मुळं कुजू लागली की पानं पिवळी पडतात. घरातले म्हणतात, ‘पाणी कमी पडलं वाटतं,’ आणि आणखी एक तांब्या ओततात.

त्यापेक्षा काळी माती तिसरा हिस्साच घ्यावी आणि बाकीचं कोकोपीट, गांडूळखत, जाडी वाळू किंवा विटेचे बारीक तुकडे घालावेत. कुंडीला खाली भोक हवंच. बोट दोन पेरं मातीत खुपसून पाहावं, कोरडं लागलं तरच पाणी द्यावं. पावसाळ्यात आणि थंडीत दोन पाण्यांमधलं अंतर आपोआप वाढतं.

पाणी कोणतं, हेही पाहायला हवं. दख्खनच्या खडकातून येणारं बोअरचं पाणी बहुधा जड असतं. बादलीला, नळाला पांढरा थर धरतो, तसाच कुंडीच्या काठालाही धरतो. क्षार साचले की पानांची टोकं करपतात. आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून कित्येक घरांत तेच झाडांना घालतात. हेतू चांगला, पण त्या पाण्यात क्षार आणखी दाटलेले असतात. कूलरच्या टाकीच्या तळाचं पाणीही तसंच. त्यापेक्षा एसीच्या नळीतून ठिबकणारं किंवा पन्हाळीखाली साठवलेलं पावसाचं पाणी चांगलं. बाटलीतल्या वेलीचं पाणी तर आठवड्याला बदलायलाच हवं. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवी पिढी उडून जाते.

आता पानांवरच्या पांढऱ्या-पिवळ्या नक्षीबद्दल. ‘मार्बल क्वीन’सारख्या जातीचा पांढरा भाग देखणा असतो, पण कमावत नाही. त्यात हरितद्रव्य जवळजवळ नसतंच, तेव्हा पानाचा हिरवा भाग दोघांचं पोट भरतो. खोली अंधारी असेल तर नवी पानं हिरवीगार येऊ लागतात. अशा वेळी वेल पूर्वेच्या खिडकीजवळ आणावी आणि नक्षीदार पान असलेल्या शेवटच्या पेरापर्यंत छाटावी. पश्चिमेच्या गॅलरीत मात्र ठेवू नये, तिथल्या दुपारच्या झळांनी पांढरा भाग आधी करपतो. दिशा वास्तूची पाळायची की उजेडाची, हा वाद झाला तर वेलीचं मत उजेडाच्या बाजूनं पडेल.

रोपवाटिकेत ‘नासानं सांगितलंय, हवा शुद्ध करते’ असंही ऐकायला मिळतं. नासाचा तो १९८९ चा प्रयोग बंद पेटीत झाला होता. २०१९ मधल्या एका आढाव्यानं हिशेब मांडला, की घरात तेवढा परिणाम हवा असेल तर दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील. खिडकी उघडणं स्वस्त पडेल.

लोंबती वेल लहान पानांची राहते. काथ्या गुंडाळलेल्या काठीवर चढवली आणि काथ्या ओला ठेवला, तर मुळं त्याला धरतात आणि पानं हळूहळू मोठी होत जातात. जंगलात झाडावर चढलेल्या वेलीची पानं हातभर होतात, कडेनं फाटतातही.

नवी वेल करायची रीत उसाच्या पट्ट्यात शिकवावी लागू नये. उसाच्या टिपरीला जसा डोळा लागतो, तसाच हिच्या फांदीलाही. मृगाचा पाऊस सुरू झाला की डोळ्यासकट दोन पेरं तोडून लावावीत. शेजारच्या कठड्यावरून घाईत नुसतं देठासह पान खुडून आणलं, तर त्याला बाटलीत मुळं फुटतीलही, महिनोन् महिने ते हिरवंही राहील, पण त्यातून वेल निघणार नाही.