शेख महंमद : गूढाचा कवी, बुवाबाजीचा वैरी

कासूहून पनवेलकडे जाताना गाडीच्या डब्यात 'बाबा बंगाली'ची पत्रके चिकटवलेली दिसतात. करणी, वशीकरण, सवतीपासून सुटका, सगळ्यावर इलाज चोवीस तासांत. अशा पत्रकांमुळे आमच्या बऱ्याच घरांत तसव्वुफ आणि जादूटोणा एकच, असा समज होऊन बसला आहे. म्हणून या वेळी श्रीगोंद्याच्या शेख महंमदांविषयी लिहायचे ठरवले.

सतराव्या शतकातले हे मराठी कवी. कादरी सिलसिल्याचे सूफी. चांद बोधले त्यांचे गुरू. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले त्यांना मानत, असे परंपरा सांगते. त्यांचा मोठा ग्रंथ 'योगसंग्राम' शके १५६७ चा, म्हणजे इ.स. १६४५ चा. अठरा प्रसंगांचा, ओवीबद्ध. शिवाय 'पवनविजय' आणि 'निष्कलंकप्रबोध'.

आता गूढाचे पाहू. 'पवनविजय' हे नाव स्वरोदयाच्या परंपरेतले. उजव्या-डाव्या नाकपुडीतला श्वास पाहून प्रवासाला निघावे की थांबावे, असे शकुन सांगणारे ते शास्त्र. मुसलमान सूफीला त्यात काय रस, असे कुणी विचारील. पण ही गोष्ट एकट्या श्रीगोंद्याची नाही. ग्वाल्हेरचे मुहम्मद गौस (मृत्यू १५६३) यांनी 'अमृतकुंड' हा योगग्रंथ 'बहरुल हयात' नावाने फारसीत आणला होता. जिक्र करताना श्वास सांभाळणाऱ्या सूफींना योग्यांचा प्राणायाम परका वाटला नाही, हे उघड आहे.

'योगसंग्रामा'त मात्र शकुन मागे पडतात. तिथे खरी लढाई आहे ती माणसाच्या आतल्या शत्रूंशी, अहंकाराशी, कामक्रोधाशी. शब्द योग्यांचे, पण आमच्या वाचकांना तिथे नफ्सशी करायचा जिहाद सहज ओळखू येईल. आमच्या मते या कवीचे मोठेपण इथेच आहे. गूढविद्येची भाषा त्याने घेतली, तिचा धंदा घेतला नाही.

उलट 'निष्कलंकप्रबोधा'त ढोंगी गुरू आणि लोकांचे भोळे समज यांच्यावर ते तुटून पडतात. स्वतःला 'अविंध' म्हणवून घेणारा हा कवी आपल्या-परक्यांत फरक करीत नाही. ढोंगी फकीरही सुटत नाहीत.

गंमत अशी, की लोकांनी चमत्कार त्यांच्याच नावावर चढवले. देहूत तुकोबांच्या कीर्तनाच्या मंडपाला लागलेली आग त्यांनी श्रीगोंद्यात बसून हातांनी विझवली, अशी आख्यायिका आहे. ती सांगणारे खूप. 'योगसंग्राम' उघडून पाहणारे थोडे. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी शेख महंमदांचे साहित्य संपादित करून छापले, म्हणून ते आज वाचता तरी येते. भाषा जुनी आहे, पहिली पाने जड जातील. घरात कुणी मोठ्याने वाचले तर सोपे होते.

आमच्या भगिनींना एक सांगणे. मूल रात्री दचकून उठते, सुनेला दिवस राहत नाहीत, म्हणून आमिलाकडे पैसे घेऊन जाल तर आधी डॉक्टरांकडे जा. अघोरी प्रकार करणाऱ्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि तक्रार पोलीस ठाण्यात करता येते. असल्या बाबांना फटकारणाऱ्या ओव्या आपल्याच एका सूफीने मराठीत लिहून ठेवल्या आहेत, हेही त्या आमिलाच्या दारात रांग लावणाऱ्या शेजारणीला जरूर सांगा.