चिनी झुंज आणि इंदुरी नजर

अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्यांबरोबर निघणाऱ्या आखाड्यांचे लाठी-तलवारीचे हात इंदूरकरांनी पिढ्यान्पिढ्या पाहिले आहेत. 'दंगल' (२०१६) या चित्रपटासाठी आमिर खान यांना कुस्ती शिकविणारे अर्जुन पुरस्कारप्राप्त मल्ल कृपाशंकर हेही याच गावचे. कुस्तीवर पोसलेल्या अशा नजरेला चिनी वुशूमधील 'सान्दा' ही झुंज प्रथमदर्शनी निव्वळ हाणामारी वाटते. आमच्या मते मात्र ही झुंज उलगडण्यास कुस्तीची नजरच उपयोगी पडते.

ही झुंज आठ मीटर लांब-रुंद, उंच मंचावर होते. भोवती दोर नसतात. दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या असतात आणि दोन फेऱ्या जिंकणारा विजयी ठरतो. एकाच फेरीत दोनदा मंचाखाली गेलेला ती फेरी गमावतो. मस्तकावर वा धडावर लाथ नीट बसली की दोन गुण, ठोशास एक. स्वतः उभे राहून प्रतिस्पर्ध्यास पाडले, तरी दोनच गुण.

सारे मर्म या समान मोलात आहे. लाथ मारणारा क्षणभर एका पायावर उभा असतो. चतुर प्रतिस्पर्धी तो आघात अंगावर झेलून उचललेला पाय काखेत धरतो आणि टेकलेल्या पायाला टांग मारतो. आपल्या तालमीतला पट आणि टांग यांचीच ही भावंडे! मात्र येथे घोळवत बसण्यास सवड नाही. पकड लांबली की पंच दोघांना वेगळे करतात. म्हणून लाथ किती उंच गेली यापेक्षा पाय किती चपळाईने परत जमिनीवर आला, हे पाहावे. हात नव्हे, कंबर आणि टाच पाहावी.

हांगचौ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत २८ सप्टेंबर २०२३ रोजी मणिपूरच्या रोशिबिना देवी साठ किलो गटाच्या अंतिम झुंजीत उतरल्या. समोर चीनच्या वू श्याओवेई होत्या. २०१८ साली जाकार्तात कांस्यपदक मिळविणाऱ्या रोशिबिना या वेळी ०-२ अशा हरल्या आणि रौप्यपदकाच्या मानकरी ठरल्या. त्यांचे राज्य तेव्हा हिंसाचारात होरपळत होते. ते पदक त्यांनी मणिपूरच्या जनतेस अर्पण केले. घराची काळजी उरात असताना मंचावर तोल सांभाळणे म्हणजे काय, याची मोजदाद कोणत्याही गुणफलकावर होत नाही.

आपली मुले-मुली असे खेळ शिकू म्हणतील, तेव्हा त्यांना अडवू नये. शिक्षक निवडताना मात्र एक गोष्ट अवश्य विचारावी : मारण्याआधी नीट पडायला शिकविता का? आपले वस्ताद तांबड्या मातीत नवशिक्याला पहिला धडा देतात, तो हाच.