जुन्या फौजी ट्रकची हवा : दुरुस्त करावी की बंद करावी?

पंक्चरवाल्याच्या टपरीपुढे गाडी थांबवून आपल्यातला कुणी 'हवा भर' म्हणतो, तर कुणी 'गाळी हाक्री' म्हणतो. त्याला दोन्ही भाषा कळतात. तो तीस-पस्तीस पौंड हवा भरून आपल्याला मोकळं करतो, आणि मग पंधरा दिवस आपल्याला हवेची आठवणही येत नाही. फौजेतल्या काही ट्रकांची गोष्ट मात्र वेगळी. तिथं चालक केबिनमध्ये बसल्या बसल्या, गाडी चालू असतानाच, सगळ्या चाकांची हवा कमी-जास्त करू शकतो. या सोयीला सेंट्रल टायर इन्फ्लेशन सिस्टिम म्हणतात. आमच्या वर्कशॉपच्या भाषेत 'सीटीआय'.

माझी सगळी नोकरी ईएमईमध्ये, म्हणजे फौजेची वाहनं आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या खात्यात गेली. आपल्याच कर्नाटकातल्या बीईएमएल कारखान्याने चेकोस्लोव्हाकियाच्या टाट्रा कंपनीशी करार करून १९८६ पासून जे मोठे ट्रक फौजेला दिले, त्यांतल्या सीटीआय असलेल्या गाड्या मी राजस्थानच्या वाळूत हाताळल्या आहेत. म्हणूनच निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी माझा पुतण्या अशा प्रश्नांसाठी मला फोन करतो.

हा पुतण्या अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या एका छोट्या गावात डॉक्टर आहे. तिकडच्या खेड्यांतून पगारी अग्निशमन दल नसतं. गावातला शेतकरी, शिक्षक, दुकानदार हेच आग विझवायला धावतात, आणि आमचा डॉक्टरही त्यांत नाव घालून बसला आहे. अमेरिकेचं वनखातं फौजेने काढून टाकलेले ट्रक अशा दलांना वापरायला देतं. यांच्या वाट्याला पाच टनी, सहा चाकांचा एम-९३९-ए-२ आला. त्यावर हजार गॅलनची, म्हणजे सुमारे ३,८०० लिटरची पाण्याची टाकी बसवली आहे. ट्रक तीस वर्षांहून जुना, इंजिन खणखणीत. पण सकाळी बघावं तर दोन चाकं बसलेली.

"काका, निम्मी मंडळी म्हणतात हे सगळं उपटून टाका, निम्मी म्हणतात दुरुस्त करा. तुम्ही काय सांगता?" पुतण्याने विचारलं.

उत्तर देण्याआधी ही सोय कशासाठी असते ते सांगायला हवं. ऊस भरलेली ट्रॉली काळ्या रानात रुतलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहे. चाकात हवा जास्त असली की टायर जमिनीला थोडाच टेकतो आणि सगळा भार तेवढ्या जागेवर येतो. हवा कमी केली की टायर पसरतो, भार वाटला जातो आणि चाक रुतत नाही. पण तीच कमी हवा ठेवून डांबरी रस्त्यावर पळालात, तर टायरची बाजू सारखी दुमडून तापते आणि शेवटी फुटते. म्हणून एम-९३९-ए-२ वर चार बटणं आहेत : रस्ता, कच्ची जमीन, वाळू-चिखल आणि आणीबाणी. रस्त्यासाठी ६० पौंडांच्या आसपास हवा राहते, वाळूत तिच्या निम्म्याहूनही कमी.

ही युक्ती जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने १९४२ पासून पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे चालणारा 'डक' ट्रक बनवला. समुद्रातून थेट वाळूच्या किनाऱ्यावर चढायचं असल्याने त्याच्या चालकाला आतून हवा बदलता येऊ लागली. पुढे रशियाने १९५८ पासून झिल-१५७ ट्रकवर हीच सोय दिली.

ट्रक गावाच्या डांबरी रस्त्यावरच फिरणार असता, तर मी 'बंद करा' असं सरळ सांगितलं असतं. पण नेब्रास्कात सँडहिल्स म्हणून गवताने झाकलेल्या वाळूच्या टेकड्यांचा सुमारे ५०,००० चौरस किलोमीटरचा मुलूख आहे आणि पुतण्याचं गाव त्याच मुलखात. गवत वाळलं की आग वाऱ्यासारखी धावते. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये हॅल्सीजवळ अशाच वणव्यात तिथला मुलांच्या शिबिरांचा तळ जळून गेला. तिथं पाण्याचा ट्रक वाळूत रुतला, तर ट्रक जाईलच आणि माणसांचा जीवही धोक्यात येईल. म्हणजे ही सोय त्यांच्या खरोखर कामाची.

दुसरी बाजूही तितकीच खरी. भोंगा वाजला की ट्रक त्या मिनिटाला निघाला पाहिजे. दोन चाकं बसलेली असतील, तर कॉम्प्रेसरने हवा भरेपर्यंत आग थांबत नाही. शिवाय सीटीआयची आणि ब्रेकची हवा एकाच कॉम्प्रेसरमधून येते. आधी ब्रेकच्या टाकीत पुरेशी हवा, मगच चाकांना, असा त्याचा क्रम असतो. गळतं चाक कॉम्प्रेसरला दमवतं आणि आपल्याला थांबवून ठेवतं.

म्हणून मी त्याला आधी रोग शोधायला लावला. सगळीच चाकं बटणाला दाद देत नसतील तर फ्यूज, वायरीची जोडणी, हवेचा स्विच किंवा नियंत्रण पेटी पाहायची. एक-दोनच चाकं रुसली असतील तर दोष त्या चाकापाशी. हवा भरून, इंजिन बंद करून साबणाचं पाणी लावायचं : आधी चाकावरच्या व्हॉल्व्हला, मग बाहेरच्या नळीला, मग रिमच्या कडेला. त्यांनी तसं केलं. एका चाकाची नळी चिरलेली निघाली, ते सोपं काम. दुसऱ्याचा व्हॉल्व्ह नीट मिटत नव्हता, आणि हवा भरताना त्याच्या हबमधलं सीलही फुसफुसत होतं. सील बदलायचं तर दीडशे किलोहून जड चाक उतरवून हब खोलावं लागतं. आणि एक सील गेलं की त्याच वयाची बाकीची पाचही फार मागे नसतात.

टायरची तारीखही पाहायला सांगितली. २००० नंतरच्या टायरवर चार आकडे असतात. ३५१२ म्हणजे २०१२ सालचा ३५ वा आठवडा. रबर म्हातारं झालं असेल, तर सीटीआयवर खर्च करण्याआधी टायरवर करावा.

शेवटी ठरलं ते असं. वणव्याचा हंगाम तोंडावर होता, म्हणून सीटीआय आधी पूर्ण बंद करायची. चाकांवर साधे व्हॉल्व्ह बसवायचे आणि हवा दर आठवड्याला हाताने मोजायची. वाळूत जायचं झालं तर रस्ता सोडताना हवा हाताने काढायची, परत येताना ट्रकच्याच टाकीवरून नळीने भरायची. यात वेळ जातो, पण गाडी रोज उभ्या चाकांवर सापडते. थंडीत आगी कमी झाल्या की सहाही चाकांची सीलं एकदम बदलायची. हवा कोरडी करणारा ड्रायरही तेव्हाच तपासायचा, कारण तिकडच्या थंडीत नळीतलं पाणी गोठतं आणि व्हॉल्व्ह अडकतो.

बंद करायची तीही रीतसर, हे मी दोनदा बजावलं. नळी दुमडून तारेने बांधायची नाही. टाकीकडून येणाऱ्या नळीला योग्य प्लग मारायचा. हबमधलं हवेचं भोकही बंद करायचं, नाहीतर पाणी-माती बेअरिंगपर्यंत पोचते. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून एकाच पेटीत ठेवायचा. आणि केबिनमध्ये मोठ्या अक्षरांत लिहायचं, 'बटणं बंद आहेत, हवा हाताने तपासा'. नवखा माणूस बटण दाबून निर्धास्त वाळूत शिरला, तर तो दोष यंत्राचा नव्हे.

आपल्याकडेही जुनी जीप किंवा ट्रॅक्टर घेणारे हौशी पुष्कळ आहेत. कोणताही जुना भाग दुरुस्त करावा की नाही, हे ठरवताना त्याची किंमत सगळ्यांत शेवटी विचारावी. आधी विचारावं की गाडी कुठल्या जमिनीवर चालणार, आणि ऐन वेळी ती निघाली नाही तर कुणाचं काय जाणार. सँडहिल्समधल्या त्या ट्रकच्या सहाही चाकांची नवी सीलं आता मागवली आहेत. ती येईपर्यंत दर रविवारी सकाळी आमचा डॉक्टर गेज घेऊन सहा चाकांभोवती फिरतो.