पेस्ट सोडून बोलू

घरच्या घरी कॉम्प्युटर कसा जोडायचा हे दाखवणारं कुठलंही गाईड घ्या आणि लोकांचे त्यावरचे अभिप्राय वाचा. हमरीतुमरी हमखास एकाच मुद्द्यावर आलेली असते: प्रोसेसरवर थर्मल पेस्ट किती लावायची? वाटाण्याएवढी, तांदळाच्या दाण्याएवढी, फुलीच्या आकारात, की पावाला लोणी फासतात तशी? गंमत म्हणजे जोडणीच्या सगळ्या कामात इतकं माफ करणारं पाऊल दुसरं नाही. कूलरचे स्क्रू आवळले की दाबानं पेस्ट आपोआप पसरते आणि जास्त झालेली कडेनं बाहेर येते. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक पेस्टमधून वीज वाहत नाही, त्यामुळे ओघळ आला तरी पुसून टाकण्यापलीकडे काही करावं लागत नाही. कमी पडली तर मात्र तापमान वाढतं. खरा अपवाद लिक्विड मेटलचा. त्यात गॅलियम असतं, त्यातून वीज वाहते आणि ते ॲल्युमिनियम खातं. गाईडवाल्यानं ॲल्युमिनियमच्या कूलरखाली लिक्विड मेटल लावलं असेल, तर खुशाल ओरडा.

मग एवढी भांडणं पेस्टवरच का? कारण पेस्ट डोळ्यांना दिसते. गाईड नुसतं बघणाऱ्यालाही तिच्यावर मत देता येतं. ज्या चुका महागात पडतात त्या बघून कळत नाहीत. गाईड समोर ठेवून ज्यानं खरोखर पीसी जोडला, त्यालाच त्या सापडतात, आणि तो बहुधा गप्प असतो. तो गप्प का असतो, याच्या मुळाशी काही पक्के गैरसमज आहेत.

गैरसमज: पीसी चालू झाला, म्हणजे गाईड बरोबर.

सगळ्यात फसवा गैरसमज हाच. कॉम्प्युटर चुकीचा जोडला तर तो बंदच पडेल असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो बऱ्याच चुका पोटात घालतो आणि मुकाट चालत राहतो. मदरबोर्डवर रॅमचे चार स्लॉट आणि हातात दोन पट्ट्या असतील, तर त्या सहसा प्रोसेसरच्या बाजूनं मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात. शेजारीशेजारी बसवल्या तरी विंडोज सुरू होतं, गाणी वाजतात, गेमही चालतो; फक्त रॅम बहुधा एकाच चॅनेलवर धावते आणि तिची बँडविड्थ निम्मी होते. तीच गत वेगाची. डीडीआर4 ची 3600 ची पट्टी घेतली, पण बायोसमध्ये एक्सएमपी चालू केलं नाही, तर ती 2133 किंवा 2666 वर रांगत राहते. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डच्या पोर्टात खोचली, तर प्रोसेसरमध्ये अंगचं ग्राफिक्स असेल तेव्हा चित्र दिसतं आणि महागडं कार्ड शेजारी नुसतं बसून असतं. 144 हर्ट्झचा मॉनिटर सेटिंग न बदलल्यामुळे वर्षभर 60 वर चालवणारे लोकही आहेत.

यातल्या एकाही चुकीला लाल दिवा लागत नाही. त्यामुळे ‘थँक यू, झाला चालू’ एवढ्या अभिप्रायावरून गाईड बरोबर होतं की नाही ते कळत नाही. तो लिहिणाऱ्याला सुखावतो, एवढंच. त्याऐवजी टास्क मॅनेजर उघडून रॅमचा वेग किती दिसतोय तो आकडा कळवला, तर गाईडमध्ये एक्सएमपीची पायरी राहून गेली आहे का, हे एका ओळीत उघड होतं.

गैरसमज: नवशिक्यानं जाणकाराच्या चुका काढू नयेत.

मागे मी नागपूरच्या भाच्यासाठी जोडणीचं एक टिपण लिहिलं होतं. नऊ पानं, फोटोंसकट. पीसी जोडायची त्याची पहिलीच वेळ. पाचव्या पानावर त्याचा फोन आला.

“मामा, तू लिहिलंयस ‘फ्रंट पॅनेलच्या पिना जोडून घ्या’. कशाला जोडू? आणि कुठली कुठे?”

“वायरवर नाव आहे बघ ना. पॉवर स्विच, रीसेट स्विच, एलईडी...”

“नाव आहे रे वायरवर, पण बोर्डवर नुसत्या नऊ पिना आहेत. आणि उलटी लागली तर जळेल का?”

माझ्या नऊ पानांतली सगळ्यात मोठी भोकं त्यानं दोन वाक्यांत दाखवली. स्विचची वायर उलटसुलट लागली तरी चालते. एलईडीला प्लस-मायनस असतो, उलटा लागला तर तो पेटत नाही, जळत मात्र काही नाही. हे मला इतकं पाठ झालेलं होतं की ते लिहायला हवं, असं मनातही आलं नाही. ज्यानं वीस पीसी जोडलेत त्याला गाईडमधली गाळलेली पायरी दिसत नाही, त्याचे हात ती आपोआप भरून काढतात. ती दिसते पहिल्यांदा जोडणाऱ्याला. ‘अमुक पानावर माझा हात थांबला’ हे कळवायला त्याला कुठलाही अधिकार लागत नाही, आणि ते सांगू शकेल असा दुसरा कोणी नसतो.

गैरसमज: माझ्याकडे तसं झालं नाही, म्हणजे गाईड खोटं.

इथे लिहिणाऱ्याचं आणि वाचणाऱ्याचं दोघांचंही चुकतं. इंग्रजी गाईडमध्ये ‘पूर्ण लोडवर प्रोसेसर 70 अंशांवर राहतो’ असं लिहिलेलं असतं, पण ते गाव थंड आहे किंवा खोलीत एसी आहे हे लिहिलेलं नसतं. कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, तो फक्त खोलीपेक्षा किती जास्त हे ठरवतो. तिकडची खोली 22 अंशांची असेल आणि मे महिन्यातली नागपूरची खोली 40 ची, तर त्याच पेस्टनं, त्याच पंख्यानं प्रोसेसर 88 च्या आसपास दिसणार. ‘तुमचा कूलर बकवास’ हा अभिप्राय त्यावर बसत नाही. ‘खोली 40, प्रोसेसर 88’ हा बसतो, आणि पुढच्या विदर्भवाल्याला उपयोगीही पडतो.

स्टॅटिकचंही तसंच. परदेशी गाईड सांगतात, एसएमपीएस बंद ठेवून त्याची वायर सॉकेटात लावा आणि मधूनमधून कॅबिनेटला हात लावा, म्हणजे अंगावरचा चार्ज जमिनीत जाईल. सल्ला चांगला आहे, पण त्यात सॉकेटचं अर्थिंग शाबूत आहे असं गृहीत धरलेलं आहे. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत आणि चाळींत तिसरं भोक पुष्कळदा शोभेचं असतं. हात लावल्यानं तुमच्यात आणि कॅबिनेटमध्ये बरोबरी होते, तेवढा फायदा तरीही राहतो. शिवाय कोकणातल्या पावसाळ्यात, दमट हवेत, स्टॅटिक साठणंच अवघड. तेच कोरड्या थंडीत स्वेटर काढताना चटचट आवाज येत असेल, तर रॅमला हात लावण्याआधी दोनदा विचार करावा. गाव आणि ऋतू हा गाईडचा भाग आहे, हे ते लिहिणाऱ्याला कोणी कळवतच नाही.

वॉटबद्दलचा एक गैरसमज उभ्या उभ्या उरकून टाकतो. ‘750 वॉटचा एसएमपीएस सुचवून लोकांचं बिल वाढवू नका’ अशी तक्रार सारखी दिसते. एसएमपीएस आतले भाग मागतील तेवढीच वीज ओढतो, अधिक थोडी उष्णतेत वाया जाते ती. त्यावरचा 80 प्लसचा शिक्काही फक्त कार्यक्षमतेचा असतो, सुरक्षिततेचा नाही. झालं.

गैरसमज: बायोसला हात लावू नका, हा सल्ला कधी चुकत नाही.

एके काळी तो बरोबर होता. अपडेट चालू असताना वीज गेली की बोर्ड मेला, आणि आपल्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नव्हता. पण काळ बदलला. एएमडीच्या एएम4 सॉकेटवर 2020 मध्ये रायझन 5000 आले, तेव्हा आधीच्या बोर्डांना ते बायोस अपडेट केल्याशिवाय ओळखूच येत नव्हते. 2023 मध्ये रायझन 7000 एक्स3डी मालिकेतले काही प्रोसेसर जळल्याच्या तक्रारी आल्या, आणि एसओसी व्होल्टेज 1.3 वर रोखणारे नवे बायोस आले. 2024 मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये अस्थिरता निघाली. तिचा उताराही बायोसमधूनच आला आणि कंपनीला वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. आता यूपीएस लावून बायोस अपडेट करा, असंच सांगावं लागतं.

म्हणजे 2018 चं गाईड लिहिणारा खोटारडा होता असं नाही. एएम4 चे प्रोसेसर हाताळताना ‘खालच्या पिना वाकल्यात का बघा’ हे त्यानं बरोबरच लिहिलं होतं. 2022 च्या एएम5 मध्ये पिना बोर्डावर गेल्या, तेव्हा तेच वाक्य माणसाला चुकीच्या जागी बघायला लावू लागलं. जुन्या गाईडवर ‘चूक’ असा शेरा मारण्यापेक्षा ‘हे कुठल्या सॉकेटपर्यंत चालतं’ असं विचारावं. आणि लिहिणाऱ्यानं वरती तारीख टाकावी. ती न टाकणाऱ्यांवर माझा राग आहे.

गैरसमज: चूक झाकली की संपली.

सप्टेंबर 2018 मध्ये ‘द व्हर्ज’ या अमेरिकी संकेतस्थळानं 2000 डॉलरचा गेमिंग पीसी जोडून दाखवला. कूलरवर कारखान्यातूनच पेस्ट लागून आलेली असताना प्रोसेसरवर आणखी पेस्ट घातली, आणि इतरही चुकांची माळ होती. जाणकारांनी थट्टा केली, आणि थट्टेबरोबर सादरकर्त्याच्या वाट्याला वैयक्तिक शिवीगाळही आली, जिला कुठल्याही अर्थानं अभिप्राय म्हणता येणार नाही. व्हिडिओ काढून टाकला गेला. प्रकरण तिथे विझलं असतं. पण फेब्रुवारी 2019 मध्ये मालक कंपनी व्हॉक्स मीडियाकडून, त्या व्हिडिओवर टीका करणाऱ्या दोन यूट्यूबरांवर कॉपीराइटचा दावा गेला. बोभाटा झाला, दावे मागे घ्यावे लागले, आणि विसरत चाललेला व्हिडिओ नव्यानं हजारोंनी पाहिला. दुरुस्त केलेलं दुसरं गाईड त्याहून स्वस्तात पडलं असतं.

गैरसमज: आलेली प्रत्येक सूचना स्वीकारावी.

हा उलट्या टोकाचा, भिडस्त लेखकांचा. 2022 च्या शेवटी आरटीएक्स 4090 कार्डांचे पॉवर कनेक्टर वितळायला लागले, तेव्हा कोणी म्हणे केबल वाकवू नका, कोणी म्हणे ॲडॉप्टर फेकून द्या. रोज गाईड बदलणाऱ्यांची दमछाक झाली. नोव्हेंबरात एनव्हीडियानं सांगितलं की आपल्याकडे जगभरातून साधारण 50 प्रकरणं आली आहेत आणि कनेक्टर पूर्ण न बसणं हे मुख्य कारण दिसतं. टीकाकार म्हणाले, अर्धवट बसलेला कनेक्टर चालूच का होतो? दोघांचंही खरं होतं. पुढच्या वर्षी सुधारलेला कनेक्टर आला, त्यात सेन्स पिना आखूड केल्या, म्हणजे अर्धवट बसला तर कार्डाला वीज मागताच येऊ नये. ज्यांनी घाई न करता गाईडमध्ये एकच ओळ घातली, ‘खोचल्यावर टॉर्च मारून फट राहिली नाही ना बघा’, त्यांना ती नंतर खोडावी लागली नाही.

भाच्याच्या फोननंतर मी पाचवं पान नव्यानं लिहिलं, नऊ पिनांचा नकाशा काढला, तारीख टाकली, खोलीचं तापमान टाकलं. त्याला पाठवलं. संध्याकाळी उत्तर आलं: “मामा, ती मागची पत्र्याची पट्टी, आय/ओ शील्ड, मदरबोर्डच्या आधी लावायची असते हे कुठल्या पानावर आहे?”

कुठल्याच नव्हतं. त्याला नऊच्या नऊ स्क्रू परत काढावे लागले.