वीणा खाली ठेवायची नाही

सप्ताहाची पहिली बैठक मंदिराच्या सभामंडपात बसते आणि ती रात्रीचीच असते. धारा काढून, दूध डेअरीला घालून, जेवणं उरकून माणसं मोकळी होतात ती तेव्हाच. विषयपत्रिका नसते. भिंतीला टेकून जाणती मंडळी, मध्ये सतरंजीवर वही उघडून बसलेला एक जण, आणि पायऱ्यांजवळ उभी राहिलेली तरुण पोरं. सप्ताह कोणत्या तिथीला बसवायचा, उंबऱ्यामागे वर्गणी किती, कीर्तनकार कोण कोण बोलवायचे, कुठल्या दिवशीची पंगत कुणाची, हे सगळं बोलाचालीत ठरतं. कधी आवाज चढतात, एखादा उठून जातो, त्याला कुणीतरी हाताला धरून परत आणतं. ठरलेलं वहीत उतरतं आणि पुढचे दोन महिने गाव त्या वहीवर चालतं.

गावातल्या सार्वजनिक जागांविषयी बोलताना आपल्याला समाजमंदिर आठवतं, सांस्कृतिक भवन आठवतं, ग्रामपंचायतीचं सभागृह आठवतं. निधी आला, इमारती उभ्या राहिल्या, उद्घाटनाच्या कोनशिला बसल्या. त्यांतल्या पुष्कळ इमारतींना आज कुलूप आहे आणि किल्ली कुणाकडे आहे हे विचारत फिरावं लागतं. इमारत बांधायला योजना असते. ती उघडी ठेवायला, झाडायला, तिथे माणसं जमवायला लागणारी माणसं मात्र कुठल्याच योजनेत मंजूर होत नाहीत. मंदिरापुढचा सभामंडप या मानाने जागता असतो, आणि माझ्या मते त्याचं मोठं कारण अखंड हरिनाम सप्ताह आहे. सप्ताहात भक्ती आहेच, ती सगळ्याच्या मुळाशी आहे. पण गावाने स्वतः उभी केलेली आणि पिढ्यान्‌पिढ्या चालवलेली एक व्यवस्था म्हणून त्याच्याकडे क्वचितच कुणी पाहतं.

त्या व्यवस्थेचा कणा म्हणजे वीणा आणि पहारा. पहिल्या दिवशी पूजन होऊन वीणा गळ्यात घातली जाते, ती काल्याचं कीर्तन होईपर्यंत खाली ठेवायची नाही. विणेकऱ्याने बसायचंही नाही. सात दिवस आणि सात रात्री मिळून 168 तास होतात. पहारा दोन तासांचा धरला तर 84 पहारे, आणि विणेकऱ्याच्या साथीला नुसते दोन टाळकरी धरले तरी अडीचशेच्या वर पाळ्या भरतात. खांबाला पहाऱ्यांचा तक्ता लावलेला असतो. दिवसाचे पहारे पटकन भरतात. प्रश्न असतो रात्री बारा ते दोन आणि दोन ते चारचा. तिथे कुणाचं नाव आहे, यावरून गावातली कोणती माणसं खरोखर कामाची आहेत ते कळतं. वस्तीवरून थंडीत मोटारसायकलवर येणारा, दिवसभर उसाला पाणी धरून आलेला माणूस दोन वाजता पायऱ्या चढतो, आधीच्या विणेकऱ्याच्या पायाला हात लावतो, वीणा आपल्या गळ्यात घेतो. बदली यायला उशीर झाला तर आधीच्याने जायचं नाही. हा नियम कुठे छापलेला नाही आणि तो मोडल्याचं सहसा ऐकायला मिळत नाही.

कीर्तन संपलं की रात्रीचा जागर शेजारच्या गावाचं भजनी मंडळ सांभाळतं. ते पाहुणे म्हणून येतात, जेवतात आणि पहाटेपर्यंत मंडप जागता ठेवतात. त्यांच्या सप्ताहाला आपलं मंडळ जायचं, हे ओघानेच आलं. जागराला जाणं-येणं हे पंचक्रोशीतलं एक नातंच आहे. निवडणुकीत दोन गावं एकमेकांविरुद्ध उभी राहिली, तरी जागर सहसा तुटत नाही.

पहाटे चारच्या सुमाराला काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथ्यावरचं भजन किंवा प्रवचन, सांजेला हरिपाठ, रात्री कीर्तन. थोड्याफार फरकाने सगळीकडे हाच दिनक्रम. यातलं पारायण मला सर्वांत मोलाचं वाटतं. ज्ञानेश्वरीचे 18 अध्याय, नऊ हजारांवर ओव्या. सात दिवसांत संपवायच्या म्हणजे रोज जवळपास तेराशे ओव्या झाल्या. व्यासपीठावर बसलेला चालक चाल धरतो आणि समोरच्या रांगा त्याच्यामागून वाचत जातात. शाळा चौथीत सुटलेल्या, पुढे अक्षराशी संबंध न राहिलेल्या बायका इथे सात दिवस बोट ठेवून तेराव्या शतकातली मराठी वाचतात. पहिल्या वर्षी नुसतं बसायचं, दुसऱ्या वर्षी ओळ सापडायला लागते, आणखी दोन-चार वर्षांनी आवाज मोकळा होतो. प्रौढ शिक्षणाचे इतके कार्यक्रम आले आणि गेले, पण त्यांची दखल घेणाऱ्या कुठल्या अहवालात या पारायणाची नोंद माझ्या वाचनात नाही.

हे चालवायला लागणारी जाणकार माणसं आपोआप तयार झाली नाहीत. विष्णुबुवा जोग यांनी 1917 साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. खेड्यापाड्यांतली मुलं तिथे जाऊन चार वर्षं राहू लागली, ज्ञानेश्वरी, गाथा, टाळ-मृदंग शिकू लागली आणि आपापल्या भागात परतू लागली. आज गावोगाव जे कीर्तनकार, मृदंगवादक, गायक आणि पारायणाचे चालक दिसतात, त्यांच्या शिकण्याची साखळी बहुधा कुठेतरी आळंदीला जाऊन मिळते. शंभर वर्षांहून जुनं हे शिक्षण नसतं, तर सप्ताह इतका पसरलाही नसता आणि इतका एकसारखाही राहिला नसता.

आणि स्वयंपाक. दोन-तीनशे उंबऱ्यांच्या गावात रोज दोन्ही वेळची पंगत उठवायची म्हणजे केवढा व्याप! मंडपामागे चर खणून चुली पेटतात. देवस्थानच्या कढया, पराती, वगराळी, बादल्या खोलीतून बाहेर निघतात. पदार्थ मुलखाप्रमाणे बदलतो. सांगली-कोल्हापूरकडे गव्हाची खीर, खानदेशात वरण-बट्टी, विदर्भात रोडगे, नगरकडे आमटी-भाकरी, आणि हात जरा सैल असेल तिथे बुंदी. पंगत अन्नदात्याच्या नावाने पत्रिकेत छापली जाते, पण वाढायला सगळी आळी उभी असते. वाढप हे तरुणांचं काम. पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेला मुलगा सप्ताहाला येतो आणि बादली घेऊन रांगेतून पळत सुटतो, तेव्हा तो पुन्हा गावाचा होतो. कुणाच्या पानात काय कमी आहे हे चालता चालता टिपणं आणि वाया न घालवता वाढणं, ही शिस्त पंगतीतच अंगी येते.

भाकरीची गोष्ट तर स्वतंत्र सांगण्यासारखी. गावातल्या स्वयंपाकघरात हजार माणसांच्या भाकऱ्या होऊ शकत नाहीत, म्हणून त्या घरोघर होतात. प्रत्येक घराने ठरलेल्या भाकऱ्या थापायच्या आणि पोरांनी टोपलं घेऊन आळीआळीतून त्या गोळा करायच्या. याचं सर्वांत थोर रूप गोदावरीतल्या सरला बेटाच्या परंपरेत दिसतं. गंगागिरी महाराजांच्या नावाने श्रावणात भरणारा हा फिरता सप्ताह 2022 साली कोपरगावजवळच्या कोकमठाणला झाला, तो 175 वा. दरवर्षी यजमान गाव वेगळं. पंचक्रोशीतून ट्रॅक्टर आणि टेम्पो भरून भाकऱ्या येतात, अवाढव्य कढयांत आमटी शिजते आणि शेतात बसलेल्या अफाट पंगतीला ती पुरते. एवढ्या लोकांचा स्वयंपाक हजारो चुलींवर वाटून टाकायची ही युक्ती मला फार शहाणपणाची वाटते. ज्या बाईने चार भाकऱ्या दिल्या, तिचाही तो सप्ताह झाला.

काला झाला, दहीहंडी फुटली, लाह्यांचा प्रसाद वाटून झाला की मांडव उतरतो आणि मग येतो तो हिशेब. जमा किती, मंडपवाल्याला किती, किराणा किती, कीर्तनकारांना किती, शिल्लक किती, हे सभामंडपात वाचून दाखवायचं असतं. कुणी चहापत्तीच्या आकड्यावर बोट ठेवतं, वही पुन्हा उघडते. चांगल्या गावांत हे वाचन काटेकोर असतं, आणि तिथे पुढच्या वर्षी वर्गणी मागायला फिरावं लागत नाही, लोक आणून देतात. शिल्लक पैशातून सतरंज्या येतात, स्पीकर येतो, फरशी बसते, पातेली येतात. हीच पातेली वर्षभर लग्नाला, बारशाला, दहाव्याला नाममात्र भाड्याने जातात आणि ते भाडं पुन्हा देवस्थानच्या वहीत जमा होतं. सभामंडप हळूहळू असाच उभा राहिलेला असतो, एकेका सप्ताहाच्या शिलकीतून. म्हणून तिथे लसीकरणाचं शिबिर भरतं, शाळेचं स्नेहसंमेलन होतं, पूर आला तर माणसं निजतात, ग्रामसभेला कोरम भरावा असं वाटलं की ग्रामसेवकही तिथेच खुर्ची मांडतो. राळेगणसिद्धीच्या बदलाची सुरुवात यादवबाबांच्या मोडकळीला आलेल्या मंदिराच्या दुरुस्तीपासून झाली, हे सर्वांना ठाऊक आहे. गावाला एकत्र बसायला स्वतःची म्हणावी अशी जागा आधी लागते, पाणलोट आणि चराईबंदी त्यानंतर.

या व्यवस्थेत बिघाडही शिरले आहेत आणि ते बोलायला हवेत. पहिला म्हणजे नावाजलेल्या कीर्तनकारांच्या मानधनाचा. एका रात्रीच्या कीर्तनाला वर्गणीचा मोठा घास जातो, त्यांच्या तारखा वर्षभर आधी धराव्या लागतात, आणि मग गाव गर्दी मोजू लागतं. फलकावर पुढाऱ्यांचे चेहरे येतात, संतांचे कोपऱ्यात जातात. ज्या स्थानिक मंडळाने सात रात्री वीणा सांभाळली, त्यांना शेवटी श्रीफळ आणि टॉवेल. हे मला पटत नाही. गाडगेबाबा (1876–1956) गावात आले की आधी खराट्याने गाव झाडत आणि रात्री कीर्तन करत. ते लोकांना विचारत, लोक उत्तर देत, आणि कीर्तन सगळ्या गावाचं होई. त्या वाटेने जाणारे कीर्तनकार आजही आहेत. त्यांना बोलवायचं की नाही, हे बैठकीतल्या वहीवर अवलंबून आहे.

दुसरं आवाजाचं. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सरकार वर्षातले मोजके दिवस ठरवून बारापर्यंत सूट देऊ शकतं, एवढंच. कित्येक गावांनी कीर्तन सातला सुरू करून ते निभावलं आहे. काकडा तर मुळात भोंग्याशिवायच गोड लागतो. दहावी-बारावीची परीक्षा आणि सप्ताह एकाच सुमाराला येतात, त्या घरांचा विचार गावाने नाही करायचा तर कुणी करायचा?

तिसरं सर्वांत जुनं आणि सर्वांत अवघड: मंडपात कोण कुठे बसतं. साने गुरुजींनी पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून मे 1947 मध्ये दहा दिवस उपोषण केलं, तेव्हा दार उघडलं. जातीमुळे पंगतीपासून आणि पहाऱ्यापासून लांब राहिलेली घरं आजही काही गावांत असतील, तर तिथलं ते काम पुरं झालेलं नाही. आणि बायका? पारायणाच्या रांगा त्यांनी भरलेल्या, भाकऱ्या त्यांनी थापलेल्या, हरिपाठाला त्यांचा आवाज वरचा. वीणा मात्र अनेक गावांत त्यांच्या गळ्यात दिली जात नाही आणि वही घेऊन बसलेल्यांत त्यांचं नाव नसतं. जनाबाई, मुक्ताबाई, बहिणाबाई यांचे अभंग ज्या मंडपात रोज गायले जातात, तिथे हे शोभत नाही. काही गावांत दुपारचे पहारे महिला मंडळाने घेतले आहेत, स्त्री कीर्तनकारांना सातांपैकी एक दिवस मिळू लागला आहे. हे वाढायला हवं.

तरीही सप्ताहाइतकं लोकांचं म्हणावं असं दुसरं काही गावात मला दिसत नाही. पगारी माणूस नाही, कार्यालय नाही, आणि तिथी आली की सगळं जागच्या जागी उभं राहतं. गावात वाचनालय बंद पडतं, तालीम ओस पडते, समाजमंदिरात खताची पोती साठतात. आणि त्याच गावात 84 पहारे न चुकता भरतात. काम वाटून देणं, पाळी लावणं, हिशेब चारचौघांत वाचणं हे त्या गावाला येतं, हे त्याने दरवर्षी सिद्ध केलेलं असतं.

तुमच्या गावची यंदाची बैठक बसेल तेव्हा जरूर जा. दोन ते चारच्या पहाऱ्याला स्वतःचं नाव द्या. महिला मंडळाला वहीशेजारी बसवा, हिशेब छापून खांबाला लावा, आणि एका मोठ्या मानधनाचे पैसे वाचवून सभामंडपातल्या कपाटात पुस्तकं आणा. त्या कपाटाच्या किल्लीचीही पहाऱ्यासारखीच पाळी लावा.